क्षितिजाची उंची

त्या संग्रहालयातली चित्रं फार खाली टांगलेली आहेत, हे गावात कुणाला खटकत नसे. सवय झाली होती. बाहेरून आलेल्यांना मात्र लगेच जाणवायचं. ॲमस्टरडॅमची उंचपुरी मंडळी एकेका चित्रासमोर वाकायची, दुसऱ्या दालनात पोहोचेपर्यंत त्यांचा हात कमरेवर यायचा, आणि खाली कॉफी घेताना कुणीतरी विचारायचंच, की हे संग्रहालय बुटक्यांसाठी काढलंय का.

रेन्स्के हाक्स्मा तिथली प्रदर्शनं रचायची. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, त्या भिंतीला रंग कोणता, उजेड कुठून, बाक कुठे, दारातून आत आलेल्या माणसाची नजर आधी कशावर पडावी, हे सगळं तिचं काम. उंचीबद्दल कुणी छेडलं की ती म्हणायची, "मुलांसाठी. त्यांनाही दिसायला नको का?" आणि मुलांचं नाव काढलं की त्या देशात सहसा कुणी वाद घालत नाही.

खरं कारण मुलं नव्हती. खरं कारण तिचा नवरा दाउवे होता, आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

दाउवे लाकडी होड्या बांधायचा. समुद्राच्या बांधाला लागून त्याची शेड होती. माणूस एवढा उंच, की लग्नाआधी त्याच्याशी तासभर बोलून रेन्स्के घरी आली की तिची मान दुखायची, आणि आई म्हणायची, "एखादा मापाचा बघ की गं." त्याच्या कानावर कायम एक कॉपिंग पेन्सिल असायची, जिचं टोक जिभेला लावलं की रेघ जांभळी उमटते आणि पावसातसुद्धा लाकडावरून पुसली जात नाही. त्यामुळे त्याच्या खालच्या ओठावर एक जांभळा डाग असे. लग्नाच्या फोटोतही तो आहे. रेन्स्केच्या धंद्यात असली पेन्सिल म्हणजे घोर पाप. भिंतीवर तिची एक रेघ पडली की वरून कितीही रंग द्या, ओल लागली की शाई जागी होते आणि वर येते. यावरून दोघांची कितीदा तरी जुंपली होती, आणि दर वेळी शेवट हसण्यात झाला होता.

धडधाकट असताना दाउवेने संग्रहालयात कधी पाऊल ठेवलं नाही. चित्रातल्या होड्यांचे दोर भलत्याच ठिकाणी बांधलेले असतात, ते बघून त्याचं डोकं फिरायचं. मग स्नायूंचा तो आजार आला आणि आधी त्याचे पाय घेऊन गेला. शेड विकली, चाकांची खुर्ची आली. दिवसभर घरच्या भिंती बघण्यापेक्षा बायकोच्या भिंती बघाव्यात, असं म्हणून तो दर बुधवारी संग्रहालयात येऊ लागला.

पहिल्याच बुधवारी रेन्स्केने त्याची खुर्ची समुद्राच्या दालनात नेली. तिथे सगळी चित्रं इन्ते रोर्डाची. हा गावचाच जुना चित्रकार, आयुष्यभर त्याने समोरचा उथळ करडा समुद्र रंगवला, दुसरं काही नाही. तेव्हा नुकताच भिंतींना वादळाआधीच्या आभाळाचा गर्द निळा रंग दिला होता. दाउवे बराच वेळ बघत बसला.

"दोर बरोबर आहेत याचे," तो म्हणाला. "पण समुद्र माझ्या डोक्यावर आहे. बुडालेल्या माणसाला असा दिसत असेल."

"म्हणजे?"

"अगं, क्षितिज माणसाच्या डोळ्याशी असतं. तू उभी राहिलीस की तेही उठतं, बसलीस की बसतं. कुत्र्यासारखं इमानी. तुझी चित्रं तेवढी इमानी नाहीत."

तो थट्टेत बोलला होता. रेन्स्केच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्या सोमवारी संग्रहालय बंद असताना तिने त्याला भिंतीसमोर बसवलं, त्याच्या डोळ्यांची उंची मोजली, आणि रोर्डाची सगळी चित्रं अशी टांगली की प्रत्येकातलं क्षितिज त्या एका उंचीवर आलं. बुधवारी दाउवे दारातून आत आला तेव्हा दालनभर समुद्र त्याच्या डोळ्यांसमोर सरळ पसरलेला होता. त्याने फक्त तिचा हात धरून ठेवला. मग एकेक करत तिने बाकीची दालनंही खाली आणली. घरात तर केव्हाच सगळं खाली आलं होतं: खुंट्या, फळ्या, आरसा, पलंग. त्याच्याशी बोलायला वाकायचं, त्याला घास भरवायला वाकायचं. तिची पाठ कायमची धरली, पण त्याबद्दल तिने कधी हूं की चूं केलं नाही.

आणि आता मारलूस आली होती. नवी संचालक, रॉटरडॅमची, तोंडाने फटकळ आणि मनाने वाईट नाही.

"रेन्स्के, मला एक सांग," ती एका सकाळी कॉफीचा कप घेऊन आली आणि टेबलाच्या कडेला टेकली. "मुलांसाठी म्हणतेस. गेल्या वर्षी मुलं किती आली? आणि पाठ धरलेली म्हातारी माणसं किती आली?"

"मी मोजलेली नाहीत."

"मी बघितलीत. सगळीकडे चित्राचा मध्य एकशे पंचावन्न सेंटीमीटरवर असतो, तसाच इथेही असू दे. समुद्राच्या दालनापासून सुरुवात कर. आणि तो निळा रंग काढ बाई, आत गेलं की जीव घुसमटतो."

"ते दालन राहू दे. बाकीची वर घेते."

"तेच तर सगळ्यात खाली आहे," मारलूस म्हणाली. मग आवाज उतरवून, "मला कुणीतरी सांगितलंय गं, तू ते कोणासाठी केलंस. पण तीन वर्षं झाली."

रेन्स्केने होकाराची मान हलवली. त्या दालनाला तिने तीन वर्षं हात लावला नव्हता. एक चित्रही हलवलं नव्हतं. दाउवेची खुर्ची तिने रुग्णालयाला देऊन टाकली होती, कपडे देऊन टाकले होते, घरातल्या खुंट्यासुद्धा हळूहळू वर गेल्या होत्या. त्याच्या डोळ्यांची उंची तेवढी या एकाच ठिकाणी शिल्लक होती. ती पुसायची म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचं, असं तिला वाटत होतं.

तरी तिने काम काढलं. चित्रं उतरवली, भिंतीची भोकं बुजवली, आणि रंगारी सीत्से ताकाच्या रंगाचा डबा घेऊन आला. सोमवारी त्याने पूर्ण दालन रंगवलं. मंगळवारी सकाळी रेन्स्के आत आली तेव्हा सीत्से मोठ्या भिंतीसमोर डोकं खाजवत उभा होता.

"बाईसाहेब, हे बघा. काल नव्हतं."

भिंतीच्या मधोमध, रेन्स्केच्या डोक्याच्याही वर, एक आडवी जांभळी रेघ उमटली होती. तळहाताएवढी लांब. कडा किंचित पाझरलेल्या.

तिला रंग ओळखायला क्षणही लागला नाही. तो जांभळा तिने इतकी वर्षं एका ओठावर बघितला होता.

"पाण्याची गळती असेल," ती म्हणाली.

"गळती सरळ रेघेत येत नाही. बरं, मी आणखी एक हात देतो."

त्याने दुसरा हात दिला. बुधवारी रेघ पुन्हा आली, आदल्या दिवसापेक्षा ठसठशीत. सीत्सेने रेघेच्या टोकाशी थोडं खरवडून पाहिलं आणि सांगितलं, की रेघ निळ्या रंगाच्या वर आहे. म्हणजे भिंत निळी झाल्यावर कधीतरी कुणीतरी ओढलेली. "कुणी वात्रटपणा केला असणार. गर्द रंगावर दिसली नाही इतकंच. मी डाग अडवणारं अस्तर आणतो, ते लावलं की मेलेला माणूससुद्धा वर यायचा नाही."

बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो शेजारच्या शहरातून यायचा.

रेन्स्के मात्र हिशेब लावत बसली आणि तो कुठूनच लागेना. भिंत निळी होण्याआधी दाउवे या इमारतीत आलेलाच नव्हता. निळी झाली तेव्हा तो खुर्चीत होता. खुर्चीतून त्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत पोहोचायची मारामार, शेवटच्या वर्षी तर चमचाही उचलत नसे. आणि ही रेघ तिला टाचा उंचावून गाठावी लागत होती. गावात ती पेन्सिल वापरणारा दुसरा कुणी उरला नव्हता. सगळ्या वाटा बंद केल्यावर एकच उरत होती, आणि ती डोक्यात आणायची तिला भीती वाटत होती. उंचीच सांगत होती. तिने कधी मोजली नव्हती, पण तिच्या मानेला माहीत होती. उभ्या दाउवेचे डोळे बरोबर तिथे असायचे.

त्यानंतर तिला त्या दालनात एकटीने जाणं जिवावर येऊ लागलं. भर दुपारी, खिडक्यांतून लख्ख ऊन येत असताना, पाठीमागे लाकडी जमिनीवर किर्र असा आवाज व्हायचा. दाउवेच्या खुर्चीचं डावं चाक तसं वाजायचं, कितीही तेल घातलं तरी. ती वळून बघायची तर बाक, शिडी आणि भिंतीला टेकवून ठेवलेले समुद्र. एकदा दाराशी उभी असताना तिच्या नाकात ओल्या ओकच्या भुशाचा वास आला, त्याच्या सदऱ्याला यायचा तसा, आणि ती आत न जाताच परत फिरली. घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला घरी होतं कोण.

तो रागावलाय, हे तिच्या मनाने घेतलं. आपण त्याला वर उचलून बाहेर टाकतोय आणि तो नको म्हणतोय. जिवंतपणी कधी काही मागितलं नाही, आता एवढं एक मागतोय, आणि आपण त्यावर अस्तर लावायला निघालोय.

सीत्से अस्तराचा डबा घेऊन आला तेव्हा तिने त्याला ती भिंत सोडून बाकीचं दालन पुरं करायला सांगितलं. सोमवारी टांगणारी माणसं आली. लेसरची लाल रेषा भिंतीवर एकशे पंचावन्नवर पडली आणि रोर्डाची चित्रं एकामागून एक वर चढू लागली. तीन चित्रं झाली. रेन्स्के दारात जाऊन उभी राहिली. दालन उजळ दिसत होतं, मोकळं दिसत होतं, कुठल्याही शहरातल्या कुठल्याही चांगल्या संग्रहालयासारखं. तिने सवयीने गुडघे वाकवून दाउवेच्या उंचीवरून पाहिलं. सगळे समुद्र तिच्या डोक्यावर होते. बुडालेल्या माणसाला दिसतात तसे.

"थांबा," ती म्हणाली. "खाली घ्या. सगळी परत पहिल्या उंचीवर."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "मारलूसला विचारलंय का?"

"मारलूसला मी बघते. खाली घ्या."

तिला माहीत होतं, मारलूस आता ऐकून घेणार नाही, हे दालन दुसऱ्या कुणाच्या हाती देईल, आणि त्यात तिचं काही चुकलंही नसेल. तरी रेन्स्केचा निश्चय झाला होता. नोकरी गेली तर जाऊ दे, पण आपल्या हाताने त्याला बुडवायचं नाही.

तेव्हा दाराजवळच्या स्टुलावरून फोक्के उठला. फोक्के त्या दालनाचा पहारेकरी. आधी बेटांच्या बोटीवर दोरखंड ओढायचा, म्हणून दंड अजून खांबासारखे. दाउवेचा शाळासोबती. बुधवारी दाउवे यायचा तेव्हा दोघं इथे शेजारी शेजारी बसून काही न बोलता समुद्र बघायचे.

"पोरांनो, कॉफी पिऊन या," तो टांगणाऱ्यांना म्हणाला. "सावकाश प्या." ते गेल्यावर त्याने स्टूल रेन्स्केकडे सरकवलं. "बस."

"मला बसायचं नाही."

"बस म्हणतो ना. मला उभ्या बाईला हे सांगता येणार नाही."

ती बसली. फोक्केने टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली.

"ती रेघ त्यानेच ओढलीय."

रेन्स्के रेघेकडे वळली.

"त्याच्या शेवटच्या वर्षी तू एक आठवडा कोपनहेगनला गेली होतीस, चित्रं आणायला. बुधवार होता. पाऊस होता, दालनात काळं कुत्रं नव्हतं. मला म्हणाला, फोक्के, मला उभं कर. म्हटलं, वेडबिड लागलं का? म्हणाला, बोटी बांधल्यास ना जन्मभर धक्क्याला, मग मला बांध या भिंतीला. काखेत हात घातले नि उचलला. वजनच राहिलं नव्हतं रे देवा. पाठीमागून धरून ठेवला. पाय लटपटत होते, पण उभा राहिला."

"पुढे?"

"पुढे काय, बघितलं त्याने. त्या मोठ्या चित्राकडे. खाली बघितलं, म्हणजे चित्र खालीच होतं. हसायला लागला. म्हणाला, समुद्र माझ्या पोटात गेला. मग म्हणाला, कानावरची पेन्सिल दे. हात उचलत नव्हता त्याचा, मी कोपर धरलं. टोक जिभेला लावायचं मात्र विसरला नाही. डोळ्यासमोर रेघ ओढली आणि म्हणाला, हे माझं क्षितिज. इथे होतं."

खालून कपबशांचा आवाज येत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. म्हणाला, तिने माझ्यासाठी घर खाली आणलं, संग्रहालय खाली आणलं, गावाला वाकायला लावलं. तिला कळलं मला ते बघवत नाही, तर ती मोडून पडेल."

"बघवत नाही?"

फोक्केने टोपीची कड चाचपली. "अगं, तू टांगलीस तेव्हा खूश होता तो. खरंच होता. पण पुढे पुढे चित्रं बघायचाच नाही. लोकांना बघायचा, वाकताना. आणि तुला. तू आत आलीस की आधी वाकायचीस, मग बोलायचीस. म्हणायचा, बघ फोक्के, एवढी ताठ बाई होती, माझ्यासमोर वाकून वाकून तिची पाठ गेली. म्हणाला, मी गेलो की ती चित्रं वर घेईल, तेव्हा सांग तिला, की मी एकदा उभा राहिलो होतो." तो थांबला. "तू वर घ्यायचं नावच काढेनास. तीन वर्षं वाट बघतोय मी. आणि आज घेतलीस, तर लगेच म्हणतेस खाली घ्या. म्हटलं, आता शपथ गेली चुलीत."

रेन्स्के रडली. आवाज न करता, बराच वेळ. तो रागावलेला नव्हता म्हणून रडली, आणि इतकी वर्षं ज्याला आपण सुख समजत होतो ते त्याला सलत होतं म्हणूनही. फोक्के शेजारी उभा राहिला आणि समुद्राकडे बघत राहिला, बुधवारी बघायचा तसाच.

कॉफी पिऊन माणसं परत आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. चित्रं वरच राहू देत, असं तिने सांगितलं. एकशे पंचावन्न. बाकीची सगळी चढल्यावर फक्त मोठं चित्र राहिलं, ओहोटीचं: ओली रेती, पाण्याची पातळ पट्टी, टेकून उभी असलेली एक रिकामी होडी, आणि मागे आभाळाला लागलेली सरळ रेषा. त्यांच्यासोबत आलेल्या सीत्सेने अस्तराचा डबा पुढे केला. तिने तो बंद करायला लावला.

"डाग तसाच ठेवायचा?"

"तसाच. त्याच्यावर चित्र येईल. आणि या चित्रातलं क्षितिज त्या रेघेवर घ्या."

"ते फार वर जाईल."

"माहीत आहे मला."

संध्याकाळी मारलूस आली. दालनभर फिरली, समाधानाने मान हलवली, आणि मोठ्या भिंतीसमोर येऊन थबकली.

"हे एक चुकलंय."

"नाही चुकलं. हे एक असंच राहील."

"अगं, लोकांना मान वर करावी लागेल."

"करू दे."

मारलूसने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या फोक्केकडे. तो आढ्याकडे बघत होता. "आणि मुलांचं काय?" ती म्हणाली. "मुलांना दिसायला नको का?"

"मुलांना बाकावर चढायची परवानगी आहे."

मारलूस हसली, खांद्याला हात लावून निघून गेली. फोक्केने बाकीच्या खोल्यांचे दिवे मालवले आणि या खोलीचा तेवढा ठेवला.

रेन्स्के चित्राच्या अगदी जवळ गेली. समोर ओली रेती होती. क्षितिज बघायला तिला पाठ सरळ करावी लागली, मग हनुवटी उचलावी लागली, मग आणखी थोडी. किती वर्षांनी तिने अशी मान वर केली होती. मागे लाकडी जमीन गप्प होती. काही वेळाने तिची मान दुखायला लागली, आणि ती तशीच उभी राहिली.